दीडची फेरी

रात्री १:३०

गाव झोपलंय. गडचिरोली सोडून धानोऱ्याच्या रस्त्याला लागायचं, मग कच्च्या वाटेने आत सात-आठ किलोमीटर. सागाचं जंगल घरांच्या मागच्या कुंपणाला टेकलेलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, २०२५. अंगणाअंगणात खाटा टाकल्यात. माझ्या शेजारच्या खाटेवर मामा घोरताहेत. वय बावन्न. गावासाठी ते मामा, वनखात्याच्या वहीत 'फायर वॉचर'.

याच सुमाराला डोक्यावरून सुओमी एनपीपी नावाचा अमेरिकी उपग्रह जातो. उंची ८०० किलोमीटरच्या वर. २०११मध्ये सोडलेला. रात्री दीडच्या मागेपुढे एक फेरी, दुपारी दीडच्या मागेपुढे दुसरी. त्याच घडणीचे आणखी दोन त्याच्या आगेमागे असतात. एसटीसारखंच, पण यांना खड्डे नाहीत.

याला पाहायला उजेड लागत नाही. तो उष्णता मोजतो. प्रत्येक वस्तू आपली उष्णता लहरींनी बाहेर टाकत असते. दगड टाकतो, खाट टाकते, मामाही टाकतात. रात्री सूर्य मधे नसतो, म्हणून वर जे पोचतं ते जमिनीचं स्वतःचं असतं. त्याची एक चौकट ३७५ मीटर लांब, तितकीच रुंद. म्हणजे १४ हेक्टर, पस्तीस एकर. हे अख्खं गाव, खळ्यांसकट, दोन चौकटींत मावतं.

आज रात्री या दोन्ही चौकटींत सांगण्यासारखं काही नाही. कुत्रं एकदा भुंकून गप्प होतं.

पहाटे ४:४५

मामी उठल्यात. सून उठली. टोपल्या, टॉर्च, दोन जुन्या साड्या, एक खराटा. शेजारच्या चार बाया येईपर्यंत कोणी निघत नाही. मोहफूल अस्वलालाही आवडतं, आणि अस्वल बायांच्याही आधी उठतं. वाटेने सगळ्या मोठमोठ्याने बोलत जातात. बोलण्याला विषय लागत नाही, आवाज लागतो.

मोहाखाली सागाच्या वाळक्या पानांचा घोट्याइतका थर आहे. त्यात पडलेलं फूल शोधायचं म्हणजे भुशात मोती. म्हणून दोन उपाय. एक, खराट्याने झाडाखालचं अंगण झाडून घ्यायचं, साड्या अंथरायच्या. एका झाडाला पाऊण तास जातो, कंबर धरते. दुसरा उपाय काडेपेटी. पानं पेटवून द्यायची, दहा मिनिटांत जमीन लख्ख. काडेपेटी दोन रुपयांना मिळते आणि तिच्यात काड्या भरपूर असतात.

मामी झाडतात. नवरा आग विझवायच्या कामावर, बायकोने काडी लावली तर गाव काय म्हणेल, असं त्या हसत सांगतात. सगळ्यांचे नवरे त्या कामावर नाहीत.

फूल हाताला गार लागतं, रसाने टचटचीत. मी दोन खाल्ली. तिसरं खाऊ नका म्हणाल्या, डोकं धरते.

सकाळी ६:१५

मामांची तयारी. कोरा चहा. डब्यात भात आणि लाखोळीचं वरण, वेगळ्या बाटलीत आंबील. पाण्याच्या दोन दोन-लिटरच्या बाटल्या, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलेलं. कुऱ्हाड. विळा. सुती दुपट्टा, धुऊन धुऊन पातळ झालेला. शर्टाच्या खिशात एक कांदा. ऊन बाधू नये म्हणून. त्याने काय होतं, ते मला माहीत नाही. माझ्याही खिशात त्यांनी एक टाकला.

माझ्याकडेही एक हत्यार आहे. इन्फ्रारेड तापमापक. पिस्तुलासारखा धरायचा, घोडा दाबायचा, समोरच्या वस्तूला हात न लावता तिचं तापमान आकड्यात येतं. नागपुरात घेतला.

"हे कोरोनाची बंदूक होय ना जी?"

तीच जात, म्हटलं. ती माणसाच्या कपाळासाठी, ही सगळ्यासाठी. वरचा उपग्रहही हेच करतो, फक्त लांबून. मामांनी ती माझ्या हातातून घेतली, कोंबडीवर रोखली, आकडा वाचला, कुऱ्हाडीवर रोखली, परत दिली. समाधान झालेलं दिसलं नाही.

सकाळी ७:१०

मॅडम आल्या. वनरक्षक, वय तिशीच्या आत, खाकी वर्दी, स्कूटीच्या हॅन्डलला पाण्याची पिशवी. हजाराहून जास्त हेक्टरांचं बीट त्यांच्याकडे. मामांसकट चार माणसं. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा आगीचा हंगाम, १२१ दिवस. एवढे दिवस या चौघांना काम. पुढे पाऊस, रोवणी, आपापली शेतं.

आजचं काम जाळरेषा साफ करणं. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला मोकळा पट्टा, आगीने ओलांडू नये म्हणून. इथला सहा मीटर रुंद आहे. थंडीत त्यातलं गवत कापतात आणि हंगाम सुरू व्हायच्या आत ते जपून जाळून टाकतात. पण साग काही सरकारी तारखा पाळत नाही. फेब्रुवारीपासून पानं गाळतो ती एप्रिलपर्यंत. सुपाएवढं एकेक पान. काल झाडलेली रेषा आज परत भरते.

सकाळी ७:४०

ब्लोअर. पाठीवर घ्यायचं पेट्रोलवरचं यंत्र, टाकी भरल्यावर दहा-अकरा किलो. उजव्या हातात नळी. नळीतून वारा सुटतो आणि पानं दोन्ही बाजूंना उडतात. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, मामा झाकणाने मापतात. पंपावर पेट्रोल लिटरला एकशे पाचच्या पुढे. पंप १८ किलोमीटरवर. गावातल्या दुकानात बाटलीतलं मिळतं, ते एकशे तीस. दुकानदार म्हणतो, माझं जाणं-येणं कोण देईल? तेही खरंच.

पहिला अर्धा तास मामा, मग दुसरा माणूस, मग तिसरा. यंत्र उतरवलं की पाठीवर पट्ट्यांचे दोन ओले पट्टे. कानात बोळे घातलेले, म्हणून दोन माणसांतलं बोलणं हातांनी. हाताचा पंजा हलला म्हणजे थांब. दोन बोटं ओठांवर म्हणजे तंबाखू.

मी वीस मिनिटं चालवून पाहिला. यंत्र जड आहे हे पाठीला लगेच कळतं. नळी मनगट पिळते, हे दुसऱ्या दिवशी कळतं.

ब्लोअर यायच्या आधी हेच काम खराट्याने व्हायचं. किलोमीटरभर रेषेला दहा-बारा माणसं लागायची, मामा सांगतात. आता चार पुरतात. उरलेल्या आठांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सकाळी १०:३०

ही वेळ उपग्रहांच्या दुनियेत जुनी आणि मानाची. १९९९मध्ये सोडलेला टेरा याच सुमाराला जायचा. आता त्याचं वय झालं, इंधन संपत आलं, त्याची वेळ अलीकडे सरकली. लँडसॅटची जोडी, आठ आणि नऊ, आठ दिवसांतून एकदा याच वेळी येते. आज तिची पाळी नाही. म्हणून मीच बंदूक काढली.

हवा ३९ अंश. हा सावलीतल्या साध्या तापमापकाचा आकडा. जाळरेषेची उघडी माती: ५४. तिच्यावरचं वाळकं सागपान: ५१. मोहाच्या सावलीतली जमीन: ३६. नाल्याकाठच्या जांभळाची हिरवी पानं: ३५.

बातम्यांत सांगतात ते हवेचं तापमान. उपग्रहाला दिसते ती जमिनीची कातडी. दोन्हींत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. मामांना हे सांगायची गरज नव्हती.

"पायाले इचारा ना. डोस्क्याले एक उन्हारा, पायाले दुसरा."

मग मी त्यांच्या डोक्यावरच्या दुपट्ट्यावर बंदूक रोखली. दहा मिनिटांपूर्वी त्यांनी तो बाटलीतल्या पाण्याने भिजवला होता. ते उन्हात उभे होते. आकडा आला २९.

मामांनी आकडा पाहिला. बंदूक घेतली. दुपट्टा, माती, परत दुपट्टा. मग बाकीच्यांना बोलावलं. सगळ्यांची डोकी मोजून झाली.

हा खेळ नाही. जगभरचे शास्त्रज्ञ उपग्रहाच्या चित्रावर हाच हिशेब करतात. एप्रिलच्या दुपारी इथल्या एका चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. कपड्यांची एक इस्तरी चालावी एवढं. काही परत उडतं. उरलेलं जमीन तीन वाटांनी खर्च करते. थोडं पोटात घेते. थोडं वरच्या हवेला देते, ती हवा तापून थरथरत वर जाते. बाकीचं पाण्याची वाफ करण्यात जातं. ही तिसरी वाट खर्चिक. ३० अंशांचं लिटरभर पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या आठेक पट ते लिटर हवेत वाफ होऊन जायला लागते. म्हणून जिथे पाणी आहे तिथे ऊन वाफेत खर्चून जातं आणि कातडी थंड राहते. पाणी संपलं की सगळं ऊन मातीवर आणि हवेवर येतं.

म्हणजे कातडीचं तापमान कळलं, तर तिथून किती पाणी उडालं याचा अंदाज बांधता येतो. नेदरलँड्सच्या विम बास्तियान्सन यांनी १९९०च्या दशकात यासाठी सेबल नावाची रीत काढली. तिची युक्ती घरगुती आहे. चित्रातली सगळ्यात तापलेली कोरडी चौकट शोधायची, तिथे वाफ शून्य धरायची. मग सगळ्यात थंड, पाण्याने तर्र चौकट शोधायची आणि तिथलं सगळं ऊन वाफेला गेलं असं धरायचं. बाकीची दुनिया या दोघींच्या मधे. इकडचं चित्र घेतलं तर तापलेली चौकट चंद्रपूरच्या एखाद्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर सापडेल आणि थंड चौकट सावलीतल्या आसोलामेंढा तलावाखालच्या उन्हाळी धानात. सावली तालुक्यातला तलाव, सावलीतला नव्हे.

आणि हे जंगल? जूनपर्यंत ते तापलेल्या बाजूला. साग नागडा उभा आहे, पान नाही तर घाम कुठून येणार? चित्रात नाल्याकाठची जांभळं आणि अर्जुन तेवढे हिरव्या दोरीसारखे थंड दिसतात. मामांना मी मोबाइलवर जुनं चित्र दाखवलं. त्यांनी दोरीवर बोट ठेवून चालवत नेलं आणि एका जागी थांबवलं. तिथे पाणी आहे म्हणाले, मेच्या शेवटापर्यंत. तिथेच जनावर बसतं. आपण तिकडून नाही जायचं.

दुपारी १२:२०

जेवण. मोहाच्या सावलीत, घोळक्याने, पाठीला पाठ लावून. हे वाघासाठी. गेल्या काही वर्षांत या भागात वाघ वाढले. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानहत्तींचा कळपही आला. मॅडमच्या फोनवर वाघाचा वेगळा गट, हत्तीचा वेगळा, आगीचा वेगळा.

आंबिलीची बाटली सगळ्यांत फिरली. पाणी मोजून. चार लिटरांतलं सव्वा लिटर दुपट्ट्यांना गेलं होतं, त्यावरून थोडी कुरकुर झाली.

मी सांगितलं, आपल्या इस्रोने आणि फ्रान्सच्या सीएनईएसने मिळून असाच उष्णता मोजणारा एक उपग्रह बांधायला घेतलाय. त्याची चौकट ५७ मीटरची. म्हणजे पाऊण एकराहून थोडी मोठी. कोणाच्या बांधीत पाणी आहे, कोणाची सुकली, ते वेगवेगळं दिसेल. त्याचं नाव तृष्णा.

"तहान?"

हो, म्हटलं.

मामांनी बाटली हलवून तळ पाहिला आणि बूच लावलं.

दुपारी १:३०

काम बंद. या वेळी कोणी हलत नाही, पाखरूही नाही. हवा ४२. जाळरेषेची माती ६०.

दीडची फेरी डोक्यावरून जाते. आकाशात बघण्यासारखं काही नसतं, तरी चौघांनी एकदा वर पाहिलं. माझ्यामुळे.

वरून त्याला काय वेगळं दिसतं, ते सांगतो. साध्या तापलेल्या जमिनीच्या लहरी लांब असतात, दहा मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आगीच्या लहरी आखूड, तीन-चार मायक्रॉनच्या. तापलेल्या जमिनीपेक्षा आग त्या आखूड पट्टीत कितीतरी पट जास्त चमकते. म्हणून पस्तीस एकरांच्या चौकटीत एखाद्या अंगणाएवढा जाळ असला, तरी ती चौकट शेजारणींहून वेगळी दिसते. उपग्रहाला जाळ दिसत नाही, शेजारणींमधला फरक दिसतो. दुपारी हा फरक पाडणं अवघड, कारण शेजारणीही साठाला टेकलेल्या. रात्रीची फेरी त्या मानाने सोपी.

आणि उष्णता म्हणजे वणवाच असं नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. तिथे तापलेलं काहीतरी रोजच असतं. खाणीतला पेटलेला कोळसा असतो. धसकटं जाळणारा शेतकरी असतो. म्हणून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आलेले ठिपके जंगलाच्या नकाशावर ठेवून गाळते. जंगलात पडतील ते पुढे पाठवते, राज्याकडून विभागाकडे, विभागातून बीटापर्यंत, मोबाइलवर. २००४पासून हे चालू आहे. आधी एक किलोमीटरची चौकट होती, २०१७पासून ३७५ मीटरची.

आत्ता खाली मामा कांद्यासकट झोपलेत.

दुपारी ३:३५

मॅडम 'रेंजच्या झाडा'कडे गेल्या. टेकाडावरचं बेहड्याचं झाड. त्याच्या उत्तरेच्या बाजूला उभं राहिलं तर फोन लागतो, दक्षिणेच्या बाजूला नाही. फोन सलग तीनदा वाजला. तिसरा संदेश देहरादूनचा. अक्षांश वीस अंश काही, रेखांश ऐंशी अंश काही, तारीख, तालुका, बीट. बीट यांचंच.

ठिपका दीडच्या फेरीतला. उपग्रहाने पाहिलं, जमिनीवरच्या केंद्राला दिलं, तिथे हिशेब झाला, गाळणी झाली, संदेश निघाला. मग तो बेहड्याच्या झाडाची वाट पाहत थांबला. दोन तास. आग आता जिथे असेल, ती जागा संदेशात नाही.

मॅडमनी नकाशा उघडला. ठिपका चौकटीच्या मधोमध दाखवलेला असतो. जाळ चौकटीत कुठेही असू शकतो.

मामांनी नकाशा पाहिला नाही. हवा हुंगली. मग टेकाडावर चढून हाताने डोळ्यांवर सावली केली. पश्चिमेला धुराची एक फिकट रेघ होती. मला अजून दिसत नव्हती.

"मोहाच्या टोल्यावरची होय. तिकडं सकारी बाया होत्या."

दुपारी ४:२५

अडीच किलोमीटर, वाटेविना. ब्लोअर पाठीवर, कुऱ्हाडी खांद्यावर. वाटेत नाल्याकाठी थांबून जांभळाच्या फांद्या तोडल्या. माणशी दोन, छातीइतक्या लांब. आग झोडपायला ओला पाला लागतो आणि या दिवसांत ओला पाला फक्त त्या हिरव्या दोरीवर. सकाळी मोबाइलवर जी थंड दिसत होती, तीच.

आग पाहिली आणि खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. सिनेमातल्यासारखी नव्हती. गुडघ्याएवढ्या ज्वाळा, काही जागी वीतभर. पानांच्या थरातून सरपटत जाणारी एक वाकडी लाल रेघ, दोन-अडीचशे मीटर लांब. तिच्या मागे काळं, पुढे तपकिरी. आवाज मात्र मोठा. सागाची पानं पापडासारखी फुटतात.

मग वारा फिरला आणि माझ्या हाताच्या कोपरावरचे केस जळाले. निराशा तिथे संपली.

दुपारी ४:४०

मॅडमनी वारा पाहिला. पश्चिमेचा. रेघ पूर्वेला, जाळरेषेकडे सरकत होती. पण जाळरेषा सहाशे मीटर पुढे आणि मधे बांबूचा रांजा. बांबू पेटला तर तो फुटून ठिणग्या रेषेपलीकडे उडवतो. म्हणून रांजाच्या अलीकडेच थांबवायचं.

पद्धत अशी. आगीपुढे साठ-सत्तर पावलं सोडून ब्लोअरने पानांचा पट्टा मोकळा करायचा. एक माणूस ब्लोअर, एक मागून कुऱ्हाडीने झुडपं छाटत. पट्टा झाला की त्याच्या आगीकडच्या कडेला आपणच काडी लावायची. ही दुसरी आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू पहिलीकडे जाते. दोन्ही भेटल्या की मधे जाळायला काही उरत नाही. दोघींची उपासमार.

काडेपेटी मामांच्या खिशातली. तीच दोन रुपयांची.

दोन्ही टोकांना झोडपणी. फांदी उचलून आपटायची नाही, ठिणग्या उडतात. दाबून ओढायची, जाळाकडून जळलेल्याकडे, शेण सारवल्यासारखी. दहा-बारा ओढण्या, मग दोन पावलं पुढे. मामांचं तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं, फक्त डोळे बाहेर. दुपट्टा कोरडा झाला होता. पाणी संपलेलं.

मी बंदूक निखाऱ्यावर रोखली. तिची मर्यादा ४०० अंश. पडद्यावर आकडा आलाच नाही, 'हाय' अशी दोन अक्षरं आली. मामांनी ओरडून सांगितलं की ते खिशात घाला आणि फांदी धरा.

धरली.

संध्याकाळी ६:१०

दोन्ही आगी भेटल्या. एकदम भसकन उठल्या, पुरुषभर उंच, आणि मिनिटभरात बसल्या. इतकंच.

पुढचं काम कोणी मोजत नाही. कडेने चालत जायचं. पडलेली लाकडं, बुंधे, शेणाच्या गोवऱ्या आतून धुमसत असतात. कुऱ्हाडीने फोडायच्या, माती टाकायची, पायाने दाबायची. एका साजाच्या जुन्या बुंध्यात पोकळी होती, तिच्यातून धूर काही थांबेना. मामांनी हाताने ओंजळी ओंजळी माती घातली. तीसएक मोजल्या मी.

मोहाच्या झाडाखाली गोल काळी चकती, कडेला उलटी टोपली. कोणीतरी घाईत गेलं होतं. मॅडमनी टोपली उचलून पाहिली आणि होती तिथे ठेवली. राखीव वनात आग लावणं हा १९२७च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. नोंदीत त्या 'अज्ञात' लिहितील. टोपली कोणाची ते पाचही जणांना विणीवरून कळलं असावं. सगळे एकदम पाण्याबद्दल बोलू लागले.

काळ्या जमिनीवर बंदूक रोखली. सूर्य कलला होता, तरी ५७. शेजारची न जळलेली ४१. उद्या सकाळी साडेदहालाही हा काळा तुकडा शेजाऱ्यांहून तापलेला असेल. काळं जास्त ऊन पितं, आणि त्याच्याकडे वाफ करायला काही नाही. पहिला पाऊस येईपर्यंत चित्रात तो डागासारखा दिसेल.

संध्याकाळी ७:३०

गाव. मॅडम दुकानापुढच्या बल्बखाली फोनवर नोंद भरताहेत. ठिपका खरा होता का? होता. किती क्षेत्र जळलं? कडेने फिरून मोजलेलं, दोन हेक्टरांच्या थोडं वर. चौकट चौदा हेक्टरांची. वर फक्त ठिपका, खाली दोन हेक्टर. हा आकडा चालल्याशिवाय मिळत नाही. कारण? तिथे फोनने निवड मागितली. त्या थोडा वेळ थांबल्या, मग काहीतरी दाबलं.

दुकानातून त्यांनी सगळ्यांना थंड पाण्याच्या बाटल्या घेतल्या. वीस रुपयांची एक, सहा बाटल्या. आणि बिस्किटं. उद्यासाठी पेट्रोल दोन लिटर, बाटलीतलं, दोनशे साठ. ते वहीत लिहिलं. बिस्किटं लिहिली नाहीत.

मामांचा आजचा रोज रोजच्याएवढाच. आग लागली तरी तोच, नाही लागली तरी तोच. रोजगार हमीचा दर या एप्रिलपासून ३१२ रुपये झालाय, मामांचा त्याहून थोडा बरा. पैसे बँकेत येतात. बँक पंपाजवळ, १८ किलोमीटर. जायचं-यायचं भाडं आणि अर्धा दिवस. म्हणून महिन्यातून एकदा जातात, त्याच फेरीत मीठ, तेल, बी-बियाणं.

रात्री ८:४०

अंगणात पहाटेचा मोह वाळत घातलाय. मी शेवटचं म्हणून बंदूक काढली. सूर्य जाऊन दोन तास झाले होते. परवाची वाळलेली फुलं ३३. आजची ओली २८. दिवसभर ऊन आजच्या फुलांतलं पाणी काढत होतं, अजून निघायचंय. तीन टोपल्यांची वाळून एक भरत नाही. व्यापारी किलोला तीस म्हणतो. मामी म्हणतात, पावसाळ्यापर्यंत ठेवला तर चाळीस. पण ठेवायला कोणाला परवडतं?

मामा आंघोळ करून खाटेवर बसलेत. खोकला येतो, थुंकी काळी. उजव्या बुटाचं तळवट अर्धं सुटलंय, उष्णतेने डिंक वितळलेला. दुकानातून आणलेली फेविक्विकची ट्यूब ते टाचणीने उघडतात. मोजून पाच थेंब. तळवट दाबतात, वर पाटा ठेवतात.

"तुमची दीडची गाडी रातच्यालेबी येते ना?"

येते, म्हटलं.

"त्या साजाच्या खोडात थोडासाक धूर होता. तेवढा दिसन का तिले?"

नाही दिसणार. फार लहान आहे.

मामा थोडा वेळ पाट्याकडे पाहत राहिले. मग बाटली भरायला उठले. मुलाला हाक मारली, टॉर्च घे म्हणाले. मामींनी डबा धुवायचा थांबवून विचारलं, बूट कोणता घालणार? ते स्लीपर शोधत होते.